पुढच्या अ‍ॅक्सलचे सस्पेन्शन माउंट मजबूत करताना: जिप्सी आणि जुन्या जीपवाल्यांसाठी

दगडावर चाक आदळलं की तो धक्का टायरमधून अ‍ॅक्सलमध्ये, तिथून पाट्याच्या (लीफ स्प्रिंगच्या) सीटमध्ये, म्हणजे अ‍ॅक्सलवरच्या बैठकीत, पाटा आवळणाऱ्या यू-बोल्टमध्ये, पाट्यात, त्याच्या टोकाच्या रबरी बुशात, हँगरमध्ये (पाटा चासीला टांगणारा ब्रॅकेट) आणि शेवटी चासीत, म्हणजे गाडीच्या सांगाड्यात, चढत जातो. या वाटेवर जे सर्वात अशक्त असेल ते तुटतं. ते जाड केलं की तुटण्याची जागा पुढे सरकते, एवढंच. जाड हँगर पातळ चासीवर वेल्ड केला तर हँगर शाबूत राहतो आणि चासीचा तुकडा घेऊन सुटून येतो. हे काम पहिल्यांदा करणाऱ्याने एक गोष्ट धरून ठेवावी: धातू वाढवायचा तो भार पसरवण्यासाठी. आणि तुटायचंच असेल तर शेवटी एखादा बोल्ट किंवा शॅकल (पाट्याचं एक टोक धरणारा हलता दुवा) तुटावा. तो डोंगरात बदलता येतो, चासी बदलता येत नाही.

हा लेख मुख्यतः मारुती जिप्सी आणि महिंद्राच्या जुन्या पाटेवाल्या जीपसाठी आहे, म्हणजे पुढे सलग अ‍ॅक्सल आणि त्याखाली कमानी पाटे असलेल्या गाड्यांसाठी. थार बहुतेक यात बसत नाही. २०१० ची सीआरडीई इंजिनवाली असो वा २०२० ची, तिचं पुढचं सस्पेन्शन स्वतंत्र आहे आणि तिथले कच्चे दुवे वेगळे. जिम्नी आणि रँगलरला पुढे सलग अ‍ॅक्सल आहे, पण तो कॉइल स्प्रिंग आणि आर्मवर बसतो. त्यांच्याबद्दल शेवटाकडे थोडं लिहिलं आहे.

१. आधी कागद

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीत असा बदल करता येत नाही ज्यामुळे आरसी बुकातली माहिती आणि उत्पादकाने ठरवलेली मूळ रचना यांत फरक पडेल. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे कलम कडकपणे लावायला सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर, परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे मालकाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात.

तडा भरणं, गंजलेला हँगर त्याच मापाचा नवा बसवणं, चासीला पट्टी देणं ही दुरुस्ती आहे. पाटे अ‍ॅक्सलच्या वर नेऊन गाडी उंच करणं हा बदल आहे. दोन्हींतली रेषा कुठे पडते हे काम सुरू करण्याआधी आरटीओत विचारून घ्या. विमा कंपनीलाही लेखी कळवा. अपघातानंतर सर्व्हेअरला नवं वेल्डिंग दिसलं आणि कंपनीला त्याची कल्पना नसेल, तर दाव्यात अडचण येते.

जवळ ठेवायचे कागद: आरसी, विमा पॉलिसी, वेल्डिंग शॉपचं बिल (काय केलं हे त्यावर लिहून घ्या), कामाआधीचे, काम चालू असतानाचे आणि नंतरचे फोटो, आणि गाडीचं वर्कशॉप मॅन्युअल. टॉर्क (नट किती जोराने आवळायचा) आणि कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा पुढे-मागे कल) यांचे आकडे मॅन्युअलमधूनच घ्यायचे, ओळखीच्या कुणी तोंडी सांगितलेले नाहीत.

इथेच एक मोठा सापळा आहे. चासी नंबर चासीवर ठोकलेला असतो. तो शोधा, त्याचा फोटो काढा आणि भोवती रंगीत चिकटपट्टी लावा. त्या भागात ग्राइंडर फिरवायचा नाही, वेल्ड करायचा नाही, त्यावर पट्टी चढवायची नाही. नंबर पुसट झाला तर गाडी विकताना, पासिंगला आणि पोलिसांसमोर तुम्हाला खुलासे देत बसावं लागेल.

२. हत्यारं आणि माल

- चार भक्कम घोड्या, दोन जॅक, चाकामागे लावायला लाकडी ठोकळे
- ग्राइंडर, कटिंग आणि फ्लॅप डिस्क, वायर ब्रश
- व्हर्नियर, मोजपट्टी, गुण्या, ओळंबा, खडू, डिजिटल अँगल गेज
- डाय पेनिट्रंटचा तीन डब्यांचा संच: क्लीनर, लाल रंग, पांढरा डेव्हलपर
- टॉर्क पाना
- अग्निशामक आणि वाळूची बादली
- पोलादी पत्रा, आयएस २०६२ दर्जाचा: सीट आणि हँगरसाठी ५ ते ६ मिमी, चासीच्या पट्टीसाठी ३ ते ४ मिमी
- नवे यू-बोल्ट, सेंटर बोल्ट, बुश, आणि ८.८ किंवा १०.९ ग्रेडचे नट-बोल्ट

पत्रा वजनावर मिळतो. भंगारातला घेऊ नका. तो कोणत्या दर्जाचा आहे आणि त्यावर जस्ताचा मुलामा आहे का, हे डोळ्यांना नेहमी कळत नाही. जस्त चढवलेल्या पत्र्यावर वेल्ड केलं की त्याच्या धुराने थंडी वाजून ताप भरतो. बुश, शॅकल, यू-बोल्ट पुण्यात नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर मिळून जातात. बोल्ट घेताना डोक्यावरचा ग्रेडचा आकडा बघा. आकडा नसलेला बोल्ट सस्पेन्शनमध्ये लावू नका, दुकानदार काहीही म्हणो.

३. धुवा, खरवडा, तडे शोधा

या पायरीवर सर्वात जास्त वेळ द्या. बहुतेक जण इथे घाई करतात आणि तड्यावरच पट्टी चढवून मोकळे होतात. तडा खाली वाढतच राहतो, फक्त आता तो दिसत नाही.

पाण्याच्या प्रेशरने चासी बाहेरून आणि, जिथे भोकं आहेत तिथून, आतूनही धुवा. कोकणात किंवा गोव्याकडे वापरलेल्या गाड्यांत लाल माती आत साठून राहते, ती ओल धरते आणि चासी आतून गंजते. छोट्या हातोडीने ठोकत पुढे जा. चांगला धातू खणखणतो, सडलेला बद्द वाजतो. बद्द वाजला तिथे टोच्याने दाबून बघा. टोच्या आत गेला तर ते माउंटचं काम राहिलं नाही, चासीचा तो तुकडाच बदलावा लागेल.

मग रंग खरवडून या जागा बघा: पाट्याच्या सीटच्या वेल्डची कड, हँगर चासीला मिळतो तो कोपरा, शॅकलच्या बुशाची नळी, शॉकअ‍ॅब्सॉर्बरची वरची खुंटी, बंप स्टॉपची (चाक फार वर जाऊ न देणाऱ्या रबराची) बैठक, स्टिअरिंग बॉक्सचे बोल्ट बसतात ती चासीची भिंत. मोठे टायर किंवा नंतर बसवलेलं पॉवर स्टिअरिंग असेल तर ही शेवटची जागा दोनदा बघा. दगडात अडकलेलं चाक स्टिअरिंगने वळवताना सगळा जोर तिथे येतो.

केसाएवढा तडा नुसत्या डोळ्यांनी सापडत नाही. क्लीनरने जागा पुसा, लाल रंग मारा, डब्यावर लिहिलेला वेळ थांबा, वरचा रंग पुसून डेव्हलपर फवारा. तडा असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. तिची दोन्ही टोकं खडूने नाही, पंचने खूण करा. खडू पुसला जातो.

४. मोजमाप, गाडी चाकांवर असतानाच

गाडी सपाट फरशीवर, चाकं सरळ, टायरमध्ये नेहमीची हवा. चासीच्या दोन्ही बाजूंच्या सारख्या बिंदूंवरून ओळंबा सोडा, फरशीवर खडूने खुणा करा आणि कर्ण मोजा. दोन्ही कर्ण सारखे नसतील तर चासी तिरकी झाली आहे. तिच्यावर पट्टी वेल्ड केली तर तिरकेपणा कायमचा होईल, त्यामुळे आधी फ्रेम सरळ करणाऱ्याकडे जा. पुढच्या अ‍ॅक्सलच्या मधोमधपासून मागच्या अ‍ॅक्सलपर्यंतचं अंतर डावीकडे आणि उजवीकडे मोजा. अँगल गेजने कॅस्टर आणि पिनियनचा (अ‍ॅक्सलमध्ये जिथे प्रोपेलर शाफ्ट जोडला जातो त्या दांड्याचा) कोन लिहून ठेवा. सीट पुन्हा वेल्ड करताना याच आकड्यांवर परत यायचं असतं.

कॅस्टर कमी झाला तर गाडी रस्त्यावर भरकटते आणि वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ होत नाही. लांब शॅकल टाकून गाडी उंच केलेल्यांना हा त्रास ओळखीचा असेल. जिप्सीत पुढचा शॅकल पाट्याच्या पुढच्या टोकाला आहे. तो लांब केला की पाट्याचं पुढचं टोक खाली जातं, अ‍ॅक्सल पुढे कलतो आणि कॅस्टर घटतो. माउंट मजबूत करायला निघाला आहात तर ते लांब शॅकल आधी काढा, असं माझं स्पष्ट मत आहे. बाजूने येणारा पीळ ते हँगरवर वाढवतात आणि मग तोच हँगर आपण जाड करत बसतो.

५. उघडणं

बॅटरीच्या दोन्ही वायरी काढा. ईसीयू (इंजिनाचा संगणक) असेल तर त्याचे कनेक्टर काढा, अल्टरनेटरच्या वायरी सोडा. गाडी घोड्यांवर घ्या. घोड्या चासीखाली, अ‍ॅक्सलखाली नाहीत. अ‍ॅक्सल खाली उतरवण्याआधी ब्रेकचे रबरी पाइप सोडा. अ‍ॅक्सल पाइपावर लोंबकळला तर पाइप आतून फाटतो आणि बाहेरून ठीक दिसतो.

पेट्रोलची लाइन कुठून जाते ते हाताने चाचपून बघा. जुन्या विलीज वळणाच्या जीपमध्ये टाकीच ड्रायव्हरच्या सीटखाली असते. टाकी काढून दूर ठेवा. रिकामी टाकी सुरक्षित असते हा गैरसमज आहे, तिच्यातली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची.

तेलकट भाग ब्रेक क्लीनरने पुसायची सवय असेल तर डबा वाचा. क्लोरीनवाला सॉल्व्हंट वेल्डिंगच्या उष्णतेने फॉस्जीन हा विषारी वायू तयार करतो. वेल्ड करायच्या जागी अ‍ॅसिटोन वापरा आणि तो पूर्ण उडून गेल्यावरच वेल्डिंग सुरू करा.

पाटे गाडीतून बाहेर काढून ठेवा. पाट्यावर वेल्ड तर कधीच करायचा नाही, पण वेल्डिंगची ठिणगीसुद्धा पडू देऊ नका. ती पडते तिथे पोलाद कडक आणि ठिसूळ होतं, आणि पुढे पाटा नेमका तिथेच मोडतो.

६. तडा भरणं

पंचने खूण केलेल्या दोन्ही टोकांना ३ ते ५ मिमीचं भोक पाडा. त्याने तड्याची वाढ थांबते. भोक पाडल्यावर पुन्हा डाय पेनिट्रंट मारा, कारण खरं टोक बऱ्याचदा खुणेच्या पुढे असतं. मग तडा व्हीच्या आकारात पूर्ण खोलीपर्यंत कोरा, तळाला चकचकीत धातू दिसू दे. वेल्ड भरा, ग्राइंड करून पृष्ठभागाशी समतल करा. पट्टी त्यानंतर.

७. चासीची पट्टी

चासीची मूळ जाडी व्हर्नियरने मोजा. पट्टी तेवढीच किंवा थोडी जास्त, दुप्पट नाही. फार जाड पट्टी वाकत नाही, त्यामुळे सगळं वाकणं तिच्या टोकाशी येऊन साठतं आणि नवा तडा तिथे पडतो.

पट्टीचा आकार जाडीपेक्षा महत्त्वाचा. चौकोनी तुकडा, ज्याची टोकं चासीला काटकोनात आहेत, हा मी बघितलेला सर्वात जास्त आढळणारा दोष आहे. उभा वेल्ड चासीच्या लांबीला आडवा जातो आणि वाकताना तीच रेषा फाटते. टोकं माशाच्या उघड्या तोंडासारखी कापा, म्हणजे वेल्ड तिरका जाईल आणि भार हळूहळू चासीत उतरेल. सगळे कोपरे गोल करा. पट्टी हँगरच्या पुढे-मागे निदान एकेक वीत तरी जाऊ दे. वेल्ड चासीच्या वाकवलेल्या वरच्या आणि खालच्या कडेपासून १० ते १५ मिमी आत ठेवा.

पट्टीत मधे मधे १०-१२ मिमीची भोकं पाडून ती भरून घ्या, म्हणजे पट्टी मधूनही चासीला धरून राहील. कडा पूर्ण बंद करा. उघडी राहिलेली फट पाणी ओढते, आत गंज फुगतो आणि पट्टी उचलली जाते. चासीची पाणी निघायची भोकं मात्र झाकू नका.

बोल्ट बंद चासीतून आरपार जात असेल तर आत नळी घाला आणि तिची दोन्ही टोकं वेल्ड करा. नळी नसेल तर बोल्ट आवळताना चासी चेपते, आवळलेपणा टिकत नाही, आणि हलणारा बोल्ट भोक अंडाकृती करतो.

८. अ‍ॅक्सलवरची सीट

अ‍ॅक्सलची नळी जास्त उष्णतेने वाकते. वाकलेल्या नळीत अ‍ॅक्सल शाफ्टचं सील गळतं, बेअरिंग लवकर जातं. म्हणून क्रम असा: नवी सीट नळीच्या गोलाईला चपखल कापा. फट दीड-दोन मिमीपेक्षा जास्त असेल तर वेल्डने भरू नका, पुन्हा कापा. चार ठिकाणी टॅक (वेल्डचे छोटे तात्पुरते टाके) मारा. पाटे, यू-बोल्ट, चाकं तात्पुरती लावून गाडी खाली उतरवा, पूर्ण वजन येऊ द्या. कॅस्टर, पिनियनचा कोन, दोन्ही बाजूंची अंतरं पुन्हा मोजा. आकडे जुळले तरच पुढे. या तालमीला अर्धा दिवस जातो आणि तो वाचवण्यासारखा नाही.

पक्का वेल्ड करताना इंचभर टाका डाव्या सीटवर, मग इंचभर उजव्या, मग समोरच्या कडेला. हात लावता येईल इतकं गार होईपर्यंत थांबा. पाणी ओतून गार करू नका, वेल्डशेजारचं पोलाद ठिसूळ होतं. वेल्ड नळीच्या लांबीला समांतर असू दे. नळीला वेढा घालणारा वेल्ड नको, नळी तिथूनच मोडायला शिकते. सीटच्या दोन्ही टोकांना छोटे त्रिकोणी गसेट (आधाराचे तुकडे) पुरेसे आहेत.

जिप्सीचं हाउसिंग दाबलेल्या पोलादाचं आहे, त्यावर वेल्ड बसतो. पण ज्या अ‍ॅक्सलमध्ये मधला गोळा ओतीव आणि नळ्या त्यात दाबून बसवलेल्या असतात, तिथे ओतीव भागावर नवख्याने वेल्ड करू नये. त्याला आधी तापवणं, निकेलची कांडी आणि सावकाश गार करणं लागतं. अनुभवी माणूस मिळाला नाही तर तिथे बोल्टने आवळायचा ब्रॅकेट वापरा.

अर्थिंगचा चिमटा वेल्डच्या अगदी जवळ, चकचकीत धातूवर. तो चाकाच्या ड्रमला किंवा दुसऱ्या टोकाला लावला तर करंट बेअरिंगमधून जातो आणि त्यावर ठिपक्यांसारखे खड्डे पाडतो. अ‍ॅक्सलचा ब्रीदर (आतली हवा बाहेर जायची वाट) उघडा ठेवा, गिअर ऑइल आधी काढा. नकलजवळ (चाक वळतं त्या सांध्याजवळ) काम असेल तर रबरी सील काढून ठेवा आणि नवी टाका.

९. वेल्डर कसा निवडायचा

ग्रिल-गेट करणारा कारागीर हाताने कितीही सफाईदार असला तरी सस्पेन्शनसाठी त्याला तुमच्याच ५ मिमी पत्र्याचे दोन तुकडे आधी जोडायला सांगा. जोड शिकंज्यात धरून हातोड्याने वाकवा. पत्रा वाकला आणि जोड टिकला तर काम द्या. जोड सुटून आत न वितळलेली स्वच्छ कड दिसली तर नमस्कार करून निघा. दिसायला सुंदर पण आत न शिरलेला वेल्ड सर्वात धोकादायक.

मिग (तारेचं वेल्डिंग) असेल तर ईआर ७०एस-६ तार. कांडीने करायचं असेल तर ई ७०१८. सगळीकडे मिळते ती ई ६०१३ कांडी किरकोळ ब्रॅकेटला चालेल, सीट आणि हँगरला ७०१८ चा आग्रह धरा. ही कांडी ओल सोसत नाही. पावसाळ्यात उघडं राहिलेलं पाकीट तसंच वापरलं तर वेल्डमध्ये हायड्रोजन अडकतो आणि काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, तडा पडतो. बंद पाकीट घ्या किंवा पाकिटावर छापलेल्या तापमानाला कांड्या ओव्हनमध्ये वाळवून घ्या. उन्हात ठेवून त्या वाळत नाहीत.

वेल्ड झाला की स्लॅग (वर जमलेलं काचेसारखं कवच) काढून कडा बघा. कडेला खाच दिसली तर ती भरून घ्या, तडा तिथूनच सुरू होतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा डाय पेनिट्रंट. मग झिंक प्रायमर, रंग, आणि चासीच्या आत मेणाचा फवारा.

१०. जुळवणी

यू-बोल्ट नवेच. एकदा ताणलेला यू-बोल्ट पुन्हा तसाच आवळला जात नाही. चारही नट कोपऱ्या-कोपऱ्याने, थोडे थोडे, मॅन्युअलच्या टॉर्कपर्यंत.

बुशाचे बोल्ट हवेत असताना पूर्ण आवळू नका. गाडी चाकांवर उतरवा, पुढून हाताने दोन-चार वेळा दाबा, मग आवळा. लोंबकळत्या अवस्थेत आवळलेलं रबरी बुश उभ्या गाडीत कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. नव्या माउंटनंतर महिन्याभरात बुश गेल्याची तक्रार ऐकू आली की मी आधी हेच विचारतो.

चाक पूर्ण वर दाबून बघा: बंप स्टॉप आधी टेकतो की शॉकअ‍ॅब्सॉर्बर आधी संपतो? शॉक आधी संपत असेल तर तो खुंटी तोडणार, खुंटी कितीही जाड असो. बंप स्टॉपची उंची वाढवा. हाच तपास चाक खाली लोंबकळवूनही करा, ब्रेकचा पाइप ताणला जातो का तेही बघा. ब्रेकची हवा काढा, अलाइनमेंट करून घ्या.

शंभरेक किलोमीटर डांबरावर चालवून सगळे नट पुन्हा टॉर्क करा, मगच मुळशी-ताम्हिणीकडे वळा. पहिल्या दगडी वाटेनंतर पुन्हा एकदा. नटावर आणि बोल्टवर मिळून एक रेघ रंगाने ओढून ठेवली तर सैल झालेला नट लगेच दिसतो.

जिम्नी आणि रँगलरवाल्यांसाठी

तुमच्या गाडीत आर्मचे ब्रॅकेट अ‍ॅक्सलखाली लोंबतात आणि दगड आधी त्यांनाच लागतो. तिथे ब्रॅकेटच्या दोन भिंतींना जोडणारी तळपट्टी आणि बाजूचे गसेट हे पहिलं काम. दुसरं, पॅनहार्ड रॉडचा (अ‍ॅक्सलला बाजूला सरकू न देणाऱ्या दांड्याचा) ब्रॅकेट. त्याचं भोक जरा अंडाकृती झालं तरी ठरावीक वेगाला स्टिअरिंग थडथडायला लागतं. तिथे बोल्ट जास्त आवळून उपयोग नाही. भोकावर मापाचा जाड वॉशर वेल्ड करून घ्या आणि बोल्ट बदला. गाडी वॉरंटीत असेल तर मात्र अ‍ॅक्सलवर वेल्ड लावण्याआधी डीलरकडून लेखी उत्तर घ्या. तोवर बोल्टवर बसणारी स्किड प्लेट बरी.